जुनी मियाटा शर्यतीसाठी तयार करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये माझ्दाने मियाटा ही दोन सीटची, उघड्या टपाची छोटी गाडी लोकांसमोर आणली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, चारही कोपऱ्यांत डबल विशबोन सस्पेन्शन आणि वजन जेमतेम हजार किलो. 1990 ते 1997 या मॉडेलवर्षांच्या पहिल्या पिढीला सगळे 'एनए' म्हणतात. या गाड्या आता तिशीला टेकल्या किंवा तिशीपार गेल्या, तरी अमेरिकेतल्या हौशी शर्यतींत त्या अजून वरच्या रांगेत आहेत. न्यू जर्सीतून मिलव्हिलच्या ट्रॅकवर किंवा बे एरियातून लागुना सेकाला पहिल्यांदा निघालेल्या मराठी वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत.

गाडी घेतली. आता पहिला पार्ट कोणता मागवू?

कोणताच नाही. आधी ठरवा, ही गाडी कुठे पळवायची आहे, आणि त्या प्रकाराचं चालू वर्षाचं नियमपुस्तक वाचा. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका (एससीसीए) आणि नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन या दोन मोठ्या संस्था आपापली पुस्तकं संकेतस्थळावर फुकट देतात. घाईत बसवलेल्या एका पार्टमुळे गाडीचा वर्गच बदलतो आणि साध्या गाडीची गाठ थेट टर्बोवाल्यांशी पडते. एससीसीएच्या ऑटोक्रॉसमध्ये (शंकूंमधून एकेका गाडीची फेरी) 'स्ट्रीट' वर्गात शॉक बदलता येतात, पण स्प्रिंग बदलता येत नाहीत. उंची कमी जास्त करता येणारे कॉइलओव्हर (शॉक आणि स्प्रिंगची एकत्र जोडी) बसवले की त्या वर्गातून तुम्ही बाहेर. गाडी 'खाली बसलेली' दिसावी म्हणून पहिल्याच महिन्यात हे करणारे बरेच असतात. नंतर मूळ स्प्रिंग शोधत फिरावं लागतं.

कोणकोणते प्रकार आहेत, आणि नवख्याने कशात उतरावं?

ऑटोक्रॉस: मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून, एका वेळी एकच गाडी, एकेक फेरी साधारण मिनिटभराची. हेल्मेट, चांगले ब्रेक आणि घट्ट बसलेली बॅटरी एवढ्यावर मूळ अवस्थेतली मियाटा चालते.

ट्रॅक डे, म्हणजेच हाय परफॉर्मन्स ड्रायव्हिंग: खरा ट्रॅक, शेजारी प्रशिक्षक, 20 ते 30 मिनिटांची सत्रं. शर्यत नसते, पण ब्रेक आणि कूलिंग यांची खरी परीक्षा इथेच होते.

टाइम ट्रायल: तोच ट्रॅक, पण घड्याळाविरुद्ध.

स्पेक मियाटा: दाराला दार घासणारी शर्यत. सगळ्यांना एकच शॉक, एकच स्प्रिंग, एकच टायर. पूर्ण केज (चालकाभोवतीचा पोलादी नळ्यांचा पिंजरा), परवाना आणि ड्रायव्हर स्कूल सक्तीचं.

एन्ड्युरन्स: चार-पाच जणांची टोळी मिळून अनेक तास एकच गाडी आळीपाळीने पळवते. 2006 मध्ये सुरू झालेल्या '24 अवर्स ऑफ लेमन्स'मध्ये गाडीची किंमत 500 डॉलर धरलेली असते, मात्र सुरक्षेच्या सामानाचा खर्च त्यात मोजत नाहीत.

आमचा सल्ला: पहिलं वर्ष ऑटोक्रॉस आणि ट्रॅक डे. ते संपेपर्यंत गाडीत असं काहीही करू नका जे परत पूर्ववत करता येणार नाही.

दाराला दार शर्यतच करायची आहे. रस्त्यावरची गाडी बनवू की बनलेली घेऊ?

बनलेली घ्या. केज, सीट, पट्टे, फायर सिस्टिम, शॉक, रेडिएटर, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) यांची बेरीज केली की तयार स्पेक मियाटा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते, कारण शर्यतीची गाडी विकताना मालकाला घातलेले पैसे परत मिळत नाहीत. शिवाय चांगल्या अवस्थेतली, रस्त्यावर चालणारी एनए आता दुर्मिळ होत चालली आहे. तिला कापून केज जोडणं आमच्या जिवावर येतं.

तयार गाडी घेताना लॉगबुक मागा. त्यात तपासणीच्या आणि अपघातांच्या नोंदी असतात. केजचे सांधे हात फिरवून पाहा. छताच्या बाजूचं, जिथे बघायला कठीण, तिथलं वेल्डिंग अर्धवट सोडलेलं असेल तर गाडी सोडून द्या.

1.6 की 1.8?

1990 ते 1993 मध्ये 1.6 लिटरचं 116 अश्वशक्तीचं इंजिन. 1994 पासून 1.8 लिटर, 128 अश्वशक्ती, आणि 1996-97 मध्ये 133. पण इंजिनापेक्षा फरक पडतो तो भोवतीच्या सामानाने.

1.6 च्या गाडीतलं डिफरन्शियल छोटं, 6 इंची. चिकट टायर आणि थोडी जास्त ताकद मिळाली की त्याचे दात जातात. 1994 पासूनचं 7 इंची डिफरन्शियल दणकट आहे, आणि त्यात टॉर्सन (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं, म्हणजेच 'लिमिटेड स्लिप' प्रकारचं) मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण सगळ्या 1.8 गाड्यांत टॉर्सन नसतं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागची दोन्ही चाकं अधांतरी उचला आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेला फिरलं तर लिमिटेड स्लिप आहे, उलट दिशेला फिरलं तर बहुतेक साधं.

ब्रेकही वेगळे. 1.6 ला पुढे 235 मिमीच्या डिस्क, 1.8 ला 255 मिमीच्या. ब्रॅकेट आणि डिस्क बदलून 1.8 चे ब्रेक 1.6 वर बसतात, आणि ज्या वर्गात परवानगी आहे तिथे हा बदल पैसे वसूल करतो.

ट्रॅकसाठी निवड खुली असेल तर 1.8. स्वच्छ, गंज नसलेली 1.6 समोर असेल तर मात्र गंजलेली 1.8 घेऊ नका.

विकत घेताना नेमकं काय पाहायचं?

पहिलं काम, गंज. मागच्या चाकाच्या पुढचा सिलचा (दाराखालच्या पत्र्याच्या पेटीचा) भाग अंगठ्याने दाबा. कापडी टपाखालून पाणी वाहून जाण्याच्या वाटा पानांनी तुंबतात, पाणी सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून खातो. बाहेरून फोड दिसायला लागला तेव्हा आतलं बरंच गेलेलं असतं. खालचे लांब रेल जॅक चुकीच्या जागी लावल्याने चेपलेले असतात. थोडे चेपलेले चालतात, फाटलेले नाही.

दुसरं, 1990 आणि 1991 च्या सुरुवातीच्या 1.6 इंजिनांचा क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा). त्याचं टोक आखूड आहे. पुढची पुली ढिली झाली की तिला क्रँकवर जखडणाऱ्या लोखंडी चावीची (छोट्या तुकड्याची) खाच झिजते, टायमिंग सरकतं आणि ताकद कमी होते. पुलीच्या बोल्टभोवती डोकावा. चार खाचा दिसल्या तर आखूड क्रँक, आठ दिसल्या तर नंतरचा सुधारलेला. आखूड आहे म्हणून गाडी टाकून द्यायची नाही, पण इंजिन चालू ठेवून पुली डुगडुगते का ते पाहा. डुगडुगत असेल तर इंजिनाची किंमत वजा करून भाव करा.

तिसरं, डिकीतली बॅटरी. एनएची बॅटरी डिकीत उजवीकडे असते आणि ती सीलबंद किंवा वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची लागते. कोणी साधी बॅटरी ठेवली असेल तर तिच्या आम्लाने खालचा पत्रा सडलेला सापडेल.

टायमिंग बेल्ट दर 60,000 मैलांनी. पावती नसेल तर बदलायचा आहे असं धरा, आणि त्याच वेळी वॉटर पंपही, कारण तिथे पोचायला तेवढंच सगळं उघडावं लागतं.

कापडी टपाच्या गाडीला रोल बार (सीटमागची पोलादी नळीची कमान) लागतोच का?

ट्रॅकवर, हो. समोरच्या काचेची चौकट गाडी उलटली तर डोकं वाचवायला पुरत नाही. बहुतेक आयोजक रोल बारशिवाय उघडी गाडी ट्रॅकवर सोडतही नाहीत.

बसवल्यावर काठीची चाचणी करा. हेल्मेट घालून, पट्टे आवळून नेहमीसारखे बसा. रोल बारच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत सरळ काठी ठेवा. हेल्मेट काठीखाली राहिलं पाहिजे, काही संस्थांना मध्ये 2 इंच मोकळी जागाही लागते. नुसता शोभेचा, पातळ नळीचा 'स्टाइल बार' याला चालत नाही. डोकं आपटू शकेल अशा ठिकाणी नळीवर कडक फोम लावा. पाइपवर गुंडाळायचा मऊ फोम निरुपयोगी.

उलट बाजूही सांगायला हवी. रस्त्यावर हेल्मेट नसतं. पूर्ण केजच्या नळ्या डोक्याच्या आजूबाजूला असताना साध्या टकरीतही कवटी त्यावर आदळू शकते. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत रोल बार ठीक, पूर्ण केज नको.

मग सहा-बिंदूंचे (गाडीला सहा ठिकाणी बांधलेले, शर्यतीचे) पट्टे लगेच लावू?

पट्टे, सीट आणि रोल बार ही तिन्ही एकत्रच येतात. यातले नुसते पट्टेच बसवणं काहीही न बसवण्यापेक्षा वाईट. रोल बार नसताना खांद्याचे पट्टे लावले तर गाडी उलटताना शरीर ताठ जागेवर राहतं आणि डोकं सगळ्यांत उंच भाग ठरतं. मूळच्या मागे झुकणाऱ्या सीटवर चार-बिंदूंचे पट्टे लावले तर टकरीत माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतो, पट्टा पोटात रुततो. हे थांबवायला मांड्यांमधला पट्टा आणि त्यासाठी भोक असलेली सीट लागते. खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीपासून आडवे किंवा किंचित खाली, 20 अंशांच्या आत, मागच्या आडव्या नळीला बांधायचे. खांदे असे जखडले की मानेच्या संरक्षणाचं साधन (हान्स किंवा तत्सम) घालायलाच हवं. हे सगळं होईपर्यंत मूळचा तीन-बिंदूंचा पट्टा उत्तम.

हेल्मेट स्नेल 'एसए' प्रमाणाचं घ्या, मोटरसायकलचं 'एम' नको. एसएमध्ये आगरोधक अस्तर आणि रोल बारवर आपटण्याची वेगळी चाचणी असते. पट्ट्यांच्या लेबलवरची तारीख जुन्या गाडीत आधी बघा. मुदत उलटलेले पट्टे तपासणीत बाद होतात.

चौथ्या-पाचव्या फेरीनंतर ब्रेक लागत नाहीत. मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) घेऊ का?

आधी पाय काय सांगतो ते ऐका. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑईल उकळलं आहे. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानापलीकडे गेले आहेत. दोन्हींचा इलाज वेगळा, आणि कॅलिपर कोणत्याच यादीत पहिला नाही.

ऑईल: साध्या डॉट 3 चा उकळबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश सेल्सिअस, हवेतलं पाणी शोषल्यावर 140. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. मोट्युल आरबीएफ 600 सारखं शर्यतीचं ऑईल कोरडं असताना 312 पर्यंत जातं. एक लिटर आणा, जुनं पूर्ण काढा, मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणारा मुख्य सिलिंडर) सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढायला सुरुवात करा. सिलिकॉनचं डॉट 5 या गाडीत घालू नका.

पॅड: दर सत्राच्या आधी जाडी पाहा. निम्म्याहून कमी राहिलेला पॅड उष्णता कॅलिपरकडे लवकर पोचवतो आणि ऑईल उकळतं. म्हणून निम्मे झालेले पॅड रस्त्यासाठी ठेवा, ट्रॅकला नवे. शर्यतीचे पॅड रस्त्यावर थंड असताना नीट पकडत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क खातात, तेव्हा ट्रॅकवर जाऊन बदलण्याची सवय लावा. दोन कॅलिपर बोल्टचं काम आहे.

मियाटाची एक खास खोड: मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकसाठी हाताने जुळवायचा स्क्रू असतो, एका बोल्टच्या झाकणामागे. पॅड झिजत गेले आणि तो जुळवला नाही तर पेडल लांब होतं आणि लोक उगाच हवा काढत बसतात. अॅलन चावीने स्क्रू पॅड टेकेपर्यंत फिरवा, मग साधारण तृतीयांश फेरा मागे सोडा. चाक मोकळं फिरलं पाहिजे.

सत्र संपताना एक फेरी हळू मारा, आणि पार्क केल्यावर हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडाचा ठोकळा लावा.

उन्हाळ्यात तापमानाचा काटा वर चढतो. काय करू?

सगळ्यात आधी गाडीखाली डोकवा. पुढच्या बंपरखालचं प्लास्टिकचं आवरण जागेवर आहे का? ऑईल बदलताना कोणीतरी काढलेलं असतं आणि परत लावलेलं नसतं. ते नसेल तर समोरून येणारी हवा रेडिएटरमधून न जाता खालून निघून जाते. ते बसवा आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बंद करा. बरेचदा एवढ्यावर प्रश्न सुटतो.

मग रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी पाहा. काळी असेल तर आयुष्य शिल्लक आहे. तपकिरी, मातकट झाली असेल तर ती फुटण्याच्या बेतात आहे आणि ट्रॅकवर फुटेल. अॅल्युमिनियमचा रेडिएटर, नवे होसपाईप, नवं झाकण एकदमच घ्या. ट्रॅकवर बऱ्याच ठिकाणी साधं कूलंट चालत नाही, कारण सांडलं तर निसरडं होतं. साधं पाणी आणि गंजरोधक द्रव घाला, पण हिवाळ्यात गॅरेज गोठत असेल तर आठवणीने काढा.

त्यापुढचा बदल म्हणजे कूलंटची वाट बदलणं. हे इंजिन मूळ आडवं बसवण्यासाठी रचलेलं. मियाटात उभं बसवल्यावर पाणी पुढून आत जातं आणि पुढूनच बाहेर येतं, त्यामुळे मागचं चौथं सिलिंडर जास्त तापतं. थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला नेला की पाण्याला पूर्ण इंजिन पार करावं लागतं. टर्बो असेल किंवा उष्ण प्रदेशात एन्ड्युरन्स करायचं असेल तर हे जरूर करा. ऑटोक्रॉसला गरज नाही.

टायर आणि रिम?

चाकाची मांडणी 4 बोल्ट, 100 मिमी. 15 इंची, 7 इंच रुंद रिमवर 205/50-15 किंवा 195/50-15. सुरुवातीला ट्रेडवेअर (टायर किती टिकतो त्याचा आकडा, कमी म्हणजे जास्त चिकट) 200 चे टायर पुरे, ते सुटण्याआधी ओरडतात आणि शिकवतात. कारखान्याचा हवेचा आकडा चारही चाकांत 26 पीएसआय. ट्रॅकवर गरम टायरमध्ये 30 च्या आसपास ठेवून सुरुवात करा, आणि सत्र संपल्या संपल्या मोजून वहीत लिहा. नट 65 ते 87 फूट-पौंड, टॉर्क पान्याने, आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा.

सस्पेन्शन किती कडक, किती खाली?

वाटतं त्यापेक्षा कमी खाली. एनएमध्ये शॉकच्या हालचालीला जागा थोडी आहे. फार खाली उतरवली की गाडी रबरी बंप स्टॉपवर बसून राहते, वळणात अचानक कडक होते आणि मागून सुटते. लोक स्प्रिंगला दोष देतात, दोष उंचीचा असतो. स्पेक मियाटाचे आकडे अंदाजासाठी उपयोगी आहेत: स्प्रिंग पुढे 700, मागे 325 पौंड प्रति इंच. रोजच्या रस्त्यावर हे कंबर मोडतं. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी याच्या जवळपास निम्म्यावर थांबा आणि पैसे चांगल्या शॉकवर घाला.

अलाइनमेंट मात्र स्वस्त आणि परतीचा बदल. कॅम्बर (चाकाचा उभा कल) पुढे उणे अडीच ते तीन अंश, मागे साधारण अर्धा अंश कमी. पुढे टो (वरून बघता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य, मागे अगदी किंचित आत. जुन्या गाडीत समायोजनाचे बोल्ट बुशमध्ये गंजून अडकलेले असतात. अलाइनमेंटवाल्याकडे जाण्याआधी ते सुटतात का बघा, नाहीतर मजुरी भरून गाडी तशीच घरी आणाल.

टर्बो बसवू का?

पहिल्या दोन वर्षांत नको. ताकद दुप्पट झाली की रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक सगळंच अपुरं पडतं, आणि बहुतेक वर्गांतून गाडी बाद होते. हवेचा फिल्टर आणि सायलेन्सर बदलून 116 अश्वशक्तीच्या इंजिनातून हाताला जाणवेल इतकं काही मिळत नाही. तो पैसा टायरवर आणि ट्रॅक डेच्या फीवर घाला.

वजन कमी करायला काय काढता येईल?

सुटं चाक, जॅक, गालिचे आधी. एसी काढला तर पुढचं वजन कमी होतं, पण गाडी रस्त्यावरही चालवणार असाल तर पस्तावाल. पॉवर स्टिअरिंग काढायचं असेल तर नुसत्या नळ्या एकमेकींना जोडून भागत नाही. आत तेल ढकलावं लागतं आणि स्टिअरिंग जड राहतं. रॅक उघडून आतलं सील काढून टाकावं लागतं.

उंची सहा फूट आहे. बसता येईल?

मूळ सीटचा फोम कापून थोडी जागा मिळते. तेवढ्यावर काठीची चाचणी पास होत नसेल तर स्थिर सीट थेट तळाला जोडावी लागते. गाडी घेण्याआधी हेल्मेट घालून बसून पाहा.

विमा ट्रॅकवर चालतो का?

बहुतेक नेहमीच्या पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान वगळतात. पॉलिसीतला 'रेसिंग' आणि 'ड्रायव्हर ट्रेनिंग' हा मजकूर शब्दशः वाचा. एका दिवसापुरता ट्रॅक डेचा विमा वेगळा मिळतो, शर्यतीसाठी तो लागू नसतो.

सायलेन्सर काढला तर चालेल?

लागुना सेकाला बऱ्याच दिवशी 90 डेसिबलची मर्यादा असते आणि मापन ट्रॅकच्या कडेला होतं. ओलांडली तर घरी. सायलेन्सर ठेवा.

हीच गाडी पुढे पुण्याला नेता येईल का?

नाही. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि उजव्या हाताची असावी लागते. भारतात शर्यत करायची तर एफएमएससीआयचा (भारतातल्या मोटर शर्यतींच्या नियामक संस्थेचा) परवाना, आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरचा करी ट्रॅक. तिथे जुनी होंडा सिटी व्हीटेक आणि एस्टीम यांच्यावर बरंच काम झालेलं आहे.

ट्रॅकवर जाण्याच्या आदल्या रात्री काय तपासायचं?

प्रत्येक पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर हब बेअरिंग गेलं. एनएची पुढची बेअरिंग ट्रॅकवर लवकर जातात, एक जादा हब सोबत ठेवा. पॅडची जाडी, ब्रेक ऑईलची पातळी, इंजिन ऑईल वरच्या खुणेपर्यंत. बॅटरीची पट्टी घट्ट. डिकी आणि पायाखालचं सगळं सुटं सामान बाहेर, चटईसकट. क्लचचं पेडल हलकं वाटत असेल तर स्लेव्ह सिलिंडरचं (गिअरबॉक्सजवळचा, क्लच ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपण मागे ओढून बघा. आत ओल असेल तर तो उद्याच दगा देईल, आणि नवा बसवायला आज तासभर पुरतो. पेट्रोल निम्म्याच्या वर ठेवा. पाव टाकीखाली लांब वळणात इंजिन अडखळतं आणि लोक इग्निशनमध्ये दोष शोधत बसतात.